चौबळकाकांचा आठचा भोंगा

"लिही," जुई म्हणाली, "पण नावं बदल. आणि मला बिचारी लिहिलंस ना शुभामावशी, तर मी आबांना घेऊन बदलापूरला येईन आणि तुझ्या नव्या सोसायटीत फायर ड्रिल लावेन."

धमकी पोकळ नव्हती. तिचे आबा, म्हणजे आमचे चौबळकाका, बोलावणं आलं तर त्याच दिवशी शिट्टी घेऊन हजर होतील, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा जुई हे नाव खोटं, चौबळ हे आडनाव खोटं. भोंगा मात्र खरा.

अंबरनाथ पश्चिमेला आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहायचो. काका शहाडच्या बाजूच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्तीच्या दिवशी लोक चांदीचा गणपती नाहीतर मनगटी घड्याळ घेऊन घरी येतात. यांनी साहेबांकडे भंगारात निघालेला हाताने फिरवायचा भोंगा मागितला, आणि तो मांडीवर घेऊन रिक्षातून आले. काकू असत्या तर त्यांनी तो उंबरा ओलांडू दिला नसता. पण काकू आधीच गेल्या होत्या. पुढे मुलगा आणि सूनही एकापाठोपाठ गेले, तेव्हा जुई नुकती चालायला लागली होती. ते कशाने गेले, हे बिल्डिंगने पुष्कळ विचारलं आणि काकांनी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. कोणाला कावीळ, कोणाला टायफॉइड, कोणाला मोटरसायकल. तळमजल्यावरच्या कमला आंटीने एकदा सगळी उत्तरं एकत्र केली, तर एकट्या मुलालाच तीन वेगवेगळी मरणं आली होती. तिने तो विषय तिथेच सोडला. का सोडला, ते मला फार उशिरा कळलं.

काकांचा साऱ्या जगावर एकच उपाय होता, सराव. "घाबरायचं ते सरावात घाबरून घ्या," ते म्हणत, "वेळ आली की फक्त काम करायचं." आगीचा सराव तर होताच. शिवाय लिफ्टमध्ये अडकण्याचा सराव, पाहुणे न सांगता आल्याचा सराव, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हातघाई झाली तर ज्येष्ठांना कुठल्या दाराने काढायचं याचा सराव. आगीच्या पहिल्या सरावाला कमला आंटी गॅसवरचा कुकर उचलून तशीच खाली आली होती. आम्हाला वाटलं, आता काका तिची सर्वांसमोर हजेरी घेणार. काकांनी कुकरला कान लावला आणि गंभीरपणे सांगितलं, "दोन शिट्ट्या कमी झाल्यात. डाळ कच्ची राहील. वर न्या." आगीत डाळ शिजवायची परवानगी देणारा सेफ्टी ऑफिसर मी दुसरा पाहिला नाही.

अशा माणसाने 'गोळी मंडळ' काढलं तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. जुई तिसरी-चौथीत असेल. काकांनी जिन्याखाली फळा लावला. आपण सगळे पन्नाशीच्या पुढचे, कोणाची बीपीची गोळी, कोणाची शुगरची, आणि सगळे विसरतो. तर रोज आठ वाजता भोंगा होईल, प्रत्येकाने आपापली गोळी घेऊन गच्चीवर यायचं. पाणी मंडळाचं. गोळी घेऊन झाली की तोंड उघडायचं, जीभ वर करायची, काका टॉर्च मारून बघणार. लोक आधी हसले. पण एकट्याने घरात गोळी गिळण्यापेक्षा गच्चीवर चार माणसांत गिळणं बरं वाटायला लागलं. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ लेंग्यात उभे राहून काकांपुढे जीभ उचलत. माझी गोळी थायरॉईडची, ती सकाळी अनशापोटी घ्यायची असते. पण आपण मागे राहू नये म्हणून मी रात्रीसाठी कॅल्शियमची सुरू केली. बारवी धरणावर सहल गेली तेव्हा परतायला उशीर झाला आणि काकांनी आठ वाजता चालत्या बसमध्ये भोंगा फिरवला. चालक गाडी थांबवून शेतात पळाला.

या सगळ्या म्हाताऱ्यांच्या रांगेत दोन वेण्या घातलेली जुई उभी असे. तिची 'ताकदीची गोळी'. कोणी वळूनही बघत नसे. जिथे सगळेच गोळी घेतात तिथे एका मुलीच्या गोळीची चौकशी कोण करणार? एका मुलीची गोळी लपवायला काकांनी अख्खी बिल्डिंग आजारी पाडली होती, आणि आम्ही त्यांना हौशी म्हातारा समजत होतो.

दुसरी भानगड पापडांची. दर महिन्याला काका जुईला घेऊन उल्हासनगरला जात. कशाला? तर पापडाला. नातीची शाळा बुडवून पापड! तिथले सिंधी पापड चांगले असतात हे खरं, पण दोन माणसांच्या घरात दर महिन्याला? मग संशय नको म्हणून काका सगळ्यांच्या ऑर्डरी घेऊ लागले. मिरीचे, लसणाचे, जिऱ्याचे. बिल्डिंगमध्ये पापडाशिवाय कोणी जेवेना. पिशवी भरून यायची आणि तळाशी, पापडांच्या खाली, सरकारी दवाखान्यातल्या सेंटरमधून मिळालेली जुईच्या गोळ्यांची बाटली. ओळखीचं कोणी भेटलं तर काय करायचं, याचाही दोघांचा सराव झालेला होता. एकदा तशी वेळ आली. कमला आंटी गुडघे दाखवायला त्याच दवाखान्यात आली होती. कॉरिडॉरमध्ये समोरासमोर गाठ पडली. काका घाबरले, आणि सरावाप्रमाणे मोठ्याने म्हणाले, "पापड! आम्ही पापडाला आलो होतो!"

"अडे साईं," आंटी म्हणाली, "इधर तो एक्सरे निकालते हैं."

"हो, तोही बघू," म्हणून काका जुईला ओढत निघून गेले. हे जुई अजून साभिनय करून दाखवते.

मला सगळं कळलं ते जुई नववीत असताना, एका दुपारी. काका दारात आले, हातात जुईचं जुनं दप्तर.

"शुभाताई, तासभर मोकळ्या आहात? एक सराव आहे. तुम्ही जुई."

मी दप्तर पाठीला लावलं. नाही म्हणायची आमच्या मजल्यावर पद्धत नव्हती. काका समोर खुर्चीत बसले, खाकरले.

"जुई बाळा, आपल्या शरीरात सैनिक असतात."

"माहितीये आबा, सातवीत होतं," मी म्हटलं.

काका अडकले. "असं उत्तर नाही द्यायचं."

"मग काय देऊ?"

"गप्प राहायचं. पुन्हा."

पुन्हा सैनिक आले. मग किल्ला आला, शत्रू आला, फितुरी आली. मला वाटलं शिवजयंतीचं भाषण बसवताहेत. तिसऱ्या वेळी काका सैनिकांना सोडून सरळ बोलले. "तुला एचआयव्ही आहे. जन्मापासून. तुझ्या आईलाही होता, बाबालाही. त्यात तुझी काही चूक नाही."

"कोणाला?" मी विचारलं. शाळेचं दप्तर पाठीला लावून इतका मूर्ख प्रश्न मी शाळेतही विचारला नव्हता.

"तुम्हाला," काका म्हणाले. "म्हणजे, तिला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गोळी रोज वेळेवर घेतली तर मुलगी चारचौघींसारखी जगेल, शिकेल, लग्नही करेल. पण शेवटचा रिपोर्ट बिघडला होता. रक्तातला विषाणू वाढला होता, म्हणजे गोळी पोटात जात नव्हती. सेंटरच्या समुपदेशक मॅडम कधीपासून म्हणत होत्या की तिला खरं सांगा, तिला माहीत नसलेल्या आजाराचं औषध ती किती दिवस घेईल? सराव झाल्याशिवाय सांगत नाही, असं काका त्यांना सांगून आले होते. "पण गोळी जात कशी नाही?" त्यांनी मला विचारलं. "मी स्वतः टॉर्च मारतो!" आणि हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले. चष्मा पुसत म्हणाले, "असू दे. सरावच आहे."

तेवढ्यात दार ढकलून जुई आत आली. शाळा लवकर सुटली होती.

"मावशी, तू माझं दप्तर का घातलंयस?"

मी पट्टा खांद्यावरून सोडवू लागले. तिने काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जमिनीवर बसकण मारली.

"सांगा ना पुढे. फितुरीपासून बाहेरून ऐकतेय मी." मग म्हणाली, "आबा, मला माहितीये. सहावीपासून."

"कोणी सांगितलं?"

"सेंटरच्या भिंतीवर केवढी मोठी पोस्टर्स आहेत. तुम्ही मला पोस्टरकडे पाठ करून बसवायचात. समोरच्या भिंतीवर पण तेच पोस्टर होतं."

काकांना हे सुचलंच नव्हतं. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कळलं असतं की मला कळलंय, तर तुम्हाला त्रास झाला असता. म्हणून मी न कळल्याचा सराव करत होते."

तीन वर्षं एकाच घरात आजोबा आणि नात एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होते. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

गोळीचंही तिने सांगून टाकलं. बरेच महिने ती गच्चीवरच्या कोरफडीच्या कुंडीत जात होती. "तुम्ही जिभेखाली बघता. मी वरच्या ओठात धरायची."

"वरचा ओठ," काका पुटपुटले. "आयुष्यभर तपासण्या केल्या. वरचा ओठ राहिला."

"तुम्हाला ओठाचं पडलंय!" जुई ओरडली. तिला इतकी चिडलेली मी कधीच बघितली नव्हती. "सगळी बिल्डिंग माझ्यामुळे गोळ्या गिळते आणि कोणाला माहीत नाही का. रोज सगळ्यांना फसवायचं. वर्गात कोणाला खरचटलं, रक्त दिसलं, की मलाच धडधडतं, माझं नसलं तरी. आणि एवढं करून होणार काय? आई गेली, बाबा गेले. एक दिवस तुम्ही पण जाणार. मग मला टॉर्च कोण मारणार?"

 या प्रश्नाचा सराव झालेला नव्हता.

त्या दिवशी आठला भोंगा वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि आमची बिल्डिंग कोलमडली. इतक्या वर्षांची सवय अशी की भोंग्याशिवाय कोणाला गोळीची आठवणच होईना. मॅनेजरसाहेब एका दिवसात दोनदा गोळी घेऊन आडवे झाले. कमला आंटीला चक्कर आली. शेवटी एका संध्याकाळी सगळे आपणहून गच्चीवर जमले, हातात गोळ्या, आणि जिन्यातून खाली काकांच्या बंद दाराकडे वाकून बघत राहिले. घेऊन टाका म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून कोणी घेत नव्हतं. काका दार लावून आत बसले होते. जुई माझ्या स्वयंपाकघरात होती. रिपोर्ट आणखी बिघडला तर पुढे औषधच लागू पडणार नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं. ते मी तिला वेगवेगळ्या तऱ्हेने समजावून थकले होते.

"मावशी, हे सगळे वेडे आहेत का?" वरचा गोंधळ ऐकून ती म्हणाली.

"आहेत," मी म्हटलं.

ती उठली, समोरचं दार ठोठावलं आणि काकांना हाताला धरून वर नेलं. "घेते मी गोळी," तिने सगळ्यांसमोर सांगितलं. "पण आधी आबांचं तोंड मी तपासणार. रोज ते आपलं बघतात. त्यांचं कोण बघतं?"

हे मात्र खरं होतं. काका आमच्याबरोबर रोज एक गोळी तोंडात टाकत, पण कसली ते कोणी विचारलं नव्हतं. काका मागे सरकले; भोंगा बंद असला तरी त्यांची आठची गोळी सवयीने तोंडात गेलेली होती. जुईने टॉर्च काढून घेतला. "तोंड उघडा. जीभ वर. आता वरचा ओठ."

ओठाखाली केशरी डाग होता. मंडळाला वेलचीचा वास आला.

"अडे! साईं तो श्रीखंड की गोली खाता है!" कमला आंटी किंचाळली.

गच्चीवर जो काही गदारोळ झाला! आम्ही कडू गोळ्या गिळायच्या आणि अध्यक्षांनी श्रीखंडाची गोळी चघळायची? मॅनेजरसाहेबांनी तर राजीनामा मागितला. काका हात जोडून उभे. "मला काही आजारच नाही हो. मी काय घेऊ? पोरगी एकटी पडायला नको म्हणून."

ती एकटी का पडली असती, हे त्या गोंधळात कोणी विचारलं नाही. जुई काकांकडे बघत राहिली. मग तिने आपली गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, आणि वरचा ओठ स्वतःच बोटाने उचलून त्यांना दाखवला.

दुसऱ्या दिवशी तिने काकांना ओढत डॉक्टरकडे नेलं. पन्नास घरांच्या गोळ्या वेळेवर करणाऱ्या या माणसाने स्वतःचं बीपी निवृत्तीनंतर एकदाही मोजलं नव्हतं. ते इतकं वर होतं की कंपाउंडरने पट्टा काढून पुन्हा बांधला. "मी आजारी पडून चालणार नव्हतं," काकांनी खुलासा केला. "म्हणून तपासलंच नाही." सेफ्टी ऑफिसरचं हे तर्कशास्त्र! त्या दिवसापासून दोघं एकमेकांना टॉर्च मारू लागले. पुढच्या तपासण्यांत जुईचा रिपोर्ट सुधारत गेला आणि विषाणू मोजता येऊ नये इतका कमी झाला. ऐकून काकांनी भरदुपारी भोंगा फिरवला. माणसं गोळ्या घेऊन धावत वर गेली.

अकरावीत जुईने आपणहून एका मैत्रिणीला सांगितलं. मैत्रिणीने तिला मिठी मारली, दोघी रडल्या, आणि मैत्रीण घरी जाऊन आईला बोलली. जुईचा स्टीलचा एक डबा त्यांच्याकडे राहिला होता. चार दिवसांनी डबा परत आला, पण तो आमचा नव्हता. नवा कोरा, दुकानाचा कागद चिकटलेला. जुना त्यांनी फेकून दिला होता. मैत्रीण पुन्हा आली नाही. त्या बाईने शिव्या दिल्या असत्या तरी मला इतका राग आला नसता. एवढा विचार करून, दुकानात जाऊन, पैसे मोजून केलेला तो अपमान होता.

जुई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी काका माझी ओढणी मागायला आले. ती डोक्यावर घेऊन, कमरेवर हात ठेवून ते मैत्रिणीची आई झाले आणि जुईसमोर उभे राहिले. "बोल, काय बोलायचंय मला? सराव कर."

जुई आधी बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, डब्याने होत नाही तो. पुस्तकात आहे. वाचा ना जरा."

"मी नाही वाचत," काका बाईच्या आवाजात म्हणाले, "मी मालिका बघते." आणि जुई जी हसत सुटली, ती हसता हसता जोरजोराने रडली. काका ओढणीसकट तिच्याजवळ खाली बसले.

दार उघडंच होतं. कमला आंटी आत आली, टेबलावरचा तो नवा डबा उचलून कागद टराटर फाडला आणि हातातल्या पिशवीतले पापड त्यात भरले. "इतना अच्छा डब्बा है, युज कर. मेरे को तो कबसे मालूम है, बेटा. दवाखाने में पापड लेने कौन जाता है?"

"आंटी, मग कोणाला बोलला नाहीत?" मी विचारलं.

"क्या बोलनेका? मैंने ऑर्डर दे दिया ना हर महिना."

आंटीच्या नणंदेचा उल्हासनगरात पापडांचाच धंदा होता, हे मला माहीत होतं. घरात पापड फुकट येत असूनही ती इतकी वर्षं काकांकडून विकतचे पापड घेत होती, केवळ त्यांचं खोटं उभं राहावं म्हणून. काकांनी ओढणीने डोळे पुसले. ओढणी माझी होती.

बारावीनंतर जुईला नाशिकला प्रवेश मिळाला. हॉस्टेल. काकांनी तिच्या जाण्याचे सराव सुरू केले. रिक्षा बोलवायची, बॅगा चढवायच्या, जुईने पाया पडायचं, रिक्षाने बिल्डिंगला एक फेरी मारून परत यायचं. काका फाटकात स्टॉपवॉच घेऊन. कोणी रडलं तर सराव बाद. रिक्षावाला तिसऱ्या दिवशी वैतागून म्हणाला, "काका, ये लड़की जाएगी कब?" खऱ्या दिवशी कोणी रडलं नाही. रिक्षा कोपऱ्यावरून वळली. काका स्टॉपवॉच हातात धरून उभेच राहिले. आणि रिक्षा बिल्डिंगला पूर्ण फेरी मारून पुन्हा फाटकात आली. जुईने डोकं बाहेर काढून विचारलं, "किती?" काकांनी आकडा सांगितला. मग ती गेली.

त्याच आठवड्यात आम्ही बदलापूरला राहायला निघालो, म्हणून गच्चीवरची माझी ती शेवटची रात्र. आठला भोंगा झाला. मंडळ जमलं. काकांनी मला फोन धरायला लावला. पलीकडे जुई, हॉस्टेलची खोली, मागे कोणाचे तरी वाळत घातलेले कपडे. तिने गोळी घेतली, पाणी प्यायली, तोंड उघडलं, जीभ वर केली, ओठ उचलला. तेवढ्यात मागून एका मुलीचा आवाज आला, "जुई, ये क्या कर रही है? कसली गोळी गं?"

गच्चीवर सगळे फोनकडे सरकले. मला काका दिसत होते. त्यांचे ओठ हलत होते, 'ताकदीची, ताकदीची', असं ते आवाज न करता तिला सुचवत होते.

जुईने मागे वळून बघितलं. "सांगते," ती म्हणाली. "बस इथे. खोलीचं दार लाव. आधी आबांचं बघू दे." मग स्क्रीनकडे तोंड करून, "चला आबा. वरचा ओठ."

काकांनी दोन बोटांनी ओठ वर उचलला. मी टॉर्च मारला. ओठाखाली काही नव्हतं. "गुड," जुई म्हणाली आणि फोन बंद झाला. तिकडे ती आता त्या मुलीला सांगत असणार, स्वतःच्या शब्दांत, आमच्याशिवाय.

लोक एकेक करून जिना उतरले. मी फोन काकांच्या खिशात ठेवला, "येते काका," म्हटलं. काका काही बोलू शकत नव्हते, कारण ते अजून ओठ वर धरून उभे होते.